तलावाला औषध

“घ्या, तुमच्या पंपाला वंगण म्हणून लावा,” असं म्हणून बाईंनी मलमाची ट्यूब नवऱ्याच्या पुढ्यात टाकली.

नवरा पोहण्याच्या तलावावर पंप आणि पाणी सांभाळायचा. बाई त्याच तलावात लहान मुलांना पोहायला शिकवायच्या. पाळी गेल्यापासून त्यांच्या अंगातून वाफा निघत, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यावर डॉक्टरीणबाईंनी हे हार्मोनचं मलम दिलं होतं. फरक शून्य.

“उद्या मॅनेजरांना सांगते, मला आता जमणार नाही. आज त्या चिमुकलीवर ओरडले मी. पायरी सोडत नव्हती, एवढाच तिचा गुन्हा. कशी रडली ती! माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नव्हती नंतर.”

लेकरांची भीती घालवण्यात जन्म गेला आणि आता लेकरं आपल्यालाच भ्यायला लागली, हे बाईंना सोसवत नव्हतं.

नवऱ्याने चष्मा चढवला आणि मलमाच्या खोक्यातला कागद उलगडला. पंप बिघडला तरी तो आधी पंपाला शिव्या देत नसे. पाणी कुठून कुठे जातंय, ते बघे.

“लावतेस कधी?”

“सांगितलंय तेव्हाच. सकाळी अंघोळीनंतर, दंडावर. आज तेवढं वैतागून लावलं नाही. एरवी एक दिवस चुकवला नाही.”

“अंघोळ कुठे करतेस?”

“कुठे म्हणजे? तलावावर, शॉवरखाली. इतकी वर्षं तिथेच करतेय.”

“आणि मलम लावून झालं की?”

“झालं की काय, शिट्टी गळ्यात अडकवायची आणि पाण्यात…”

बाई थांबल्या. नवऱ्याने कागद तोंडासमोर धरला. कागद थरथरायला लागला.

“हसताय तुम्ही.”

“छे, छे. हल्ली तलाव एवढा शांत कसा, याचा विचार करत होतो. औषध सगळं त्यालाच लागलंय.”

बाईंनी उशी उगारली, पण मारायच्या आधी त्यांनाच हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

दवाखाना अजून उघडा होता. फोनवरच्या सिस्टर आधी थोड्या रागावल्या. मलम लावलेल्या हातांनी मुलांना उचलायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं का? मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि सांगितलं, की रोज संध्याकाळी लावा, घरी आल्यावर. सकाळच्या अंघोळीत दंड साबणाने धुवा आणि मगच मुलांना हात लावा.

नवरा कागदावरून मोठ्याने वाचत गेला. “अंग कोरडं हवं. पातळ पसरायचं. खसाखसा चोळायचं नाही. वाळलं की सैल बाहीने झाकायचं. हात लगेच साबणाने धुवायचे.”

बाईंनी तसंच केलं. हात धुऊन आल्या आणि दोन्ही दंड अंगापासून लांब धरून पलंगाच्या कडेला बसल्या. नवऱ्याचा हात सवयीने त्यांच्या दंडाकडे गेला.

“अहं. वाळू द्या.”

तो हात मागे घेऊन वीतभर अंतरावर बसला.

“किती वेळ असं बसायचं?” बाईंनी विचारलं.

“तू पोरांना काय सांगतेस? घाई नको, अंग सैल सोड.”

बाईंनी खांदे सैल सोडले. खिडकीतून वारा येत होता आणि दंडावर गार लागत होतं.

“मॅनेजरांना उद्या काय सांगणार आहेस?” नवऱ्याने जपून विचारलं.

“काही नाही.” बाईंनी दंड निरखून पाहिले. “उद्या त्या चिमुकलीला पाण्यात ओढायचं नाही. मीच तिच्याशेजारी पायरीवर बसेन.”