चुंबळ

चकलांब्यात ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता. टोळीतल्या नवराबायकोच्या जोड्या आपापली बाजरीची पोती वर चढवत होत्या. कडूबाई आपल्या विधवा जावेला घेऊन मुकादमासमोर उभी राहिली. "दोघींचेबी नवरे गेले. आमचीच जोडी धरा." मुकादम खदखदून हसला. "बायाबायांची कुठं जोडी असती का? मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात कोण चढंल, तुझा मेलेला नवरा?" सगळी टोळी फिदीफिदी हसली. कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मुकादमाच्या खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं ओढलं, पिळा देऊन त्याची गोल चुंबळ केली नि डोक्यावर ठेवली. जावेनं हात लावला, तसं एक पोतं डोक्यावर घेऊन ती फळीवरून चढली, ते ट्रकात आदळून खाली आली. मुकादमानं उपरण्यासाठी हात पुढं केला. कडूबाईनं चुंबळ काखेत मारली. "ऱ्हाऊ द्या. फडात रोज लागंल."