अक्रोड लावणारी

क्रागुयेवाट्सच्या इस्पितळातून परतलेली रादोयका घरात न शिरता थेट परसात गेली आणि खड्डा खणायला लागली. बाजूला मेंदूच्या नव्या स्कॅनची पिशवी होती आणि बाजारातून आणलेलं अक्रोडाचं रोप.

"वेड लागलंय का तुला?" तिचा नवरा तिहोमिर धावत आला.

चाळीस वर्षांच्या संसारात त्याने परसात अक्रोड येऊ दिला नव्हता. आमच्या मोरावा नदीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की अक्रोडाचं खोड वाढून लावणाऱ्याच्या मानेएवढं जाड झालं, की लावणारा मरतो. म्हणून कुणाला अक्रोड हवाच असला, तर नव्वदीच्या वुकाशिनआजोबांना बोलावतात. त्यांनी आजवर अकरा अक्रोड लावलेत आणि आजोबा अजून ठणठणीत आहेत, पण ते कोण लक्षात घेतो!

"डॉक्टर काय म्हणाले ते आधी सांग."

"गाठ साधीच आहे, कॅन्सर नाही. चार वर्षांत एक मिलिमीटर वाढली."

"वाढली ना? मग काढून टाका म्हणावं."

"डोळ्याच्या नसेजवळ आहे. काढताना नजर जाऊ शकते. ती गप्प बसलीय तोवर आपण कशाला छेडायची, म्हणाले. कदाचित थांबेलही. एकदम वाढायला लागली तर मात्र काढावी लागेल. पुढच्या नोव्हेंबरात परत बोलावलंय."

"आणि तोवर?"

"चार वर्षं नुसती नोव्हेंबरची वाट बघत बसले, तिहोमिर. कंटाळा आला. आता मला अक्रोड हवाय."

"बरं. वुकाशिनआजोबांना हाक मारतो."

"नको, मीच लावणार. डोक्यात एक वाढतंय ते सांभाळतेच आहे. बाहेर आणखी एक."

तिहोमिरला भीती वाटत होती. पण बायकोचा चेहरा इतका मोकळा त्याने कित्येक दिवसांत बघितला नव्हता, त्यामुळे त्याला नाहीही म्हणवेना.

रादोयकाने रोप खड्ड्यात उभं धरलं. तेवढ्यात तिहोमिर कण्हत गुडघ्यांवर बसला. त्याने एका हाताने तिच्या हातासकट रोप पकडलं आणि दुसऱ्या हाताने तो माती ओढायला लागला.

"हे काय करतोयस?"

"दोघांनी लावला. आता त्याला माझ्या मानेएवढं व्हावं लागेल."

रादोयकाने त्याच्या मानेकडे बघितलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्या मानेवर सदऱ्याचं वरचं बटण लागलं नव्हतं.