मुठीतली ज्वारी

सरका जरा जवळ, लेकरांनाही पुढं घ्या. मुडबीच्या अलीकडं एक लहानशी वस्ती आहे. तिथल्या चर्चमधल्या एका दुपारची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

कापणीच्या सणाचं कीर्तन रंगात आलं होतं. पाळक शांतवन पेटीवर होते, त्यांच्या शेजारी वस्तीतली म्हातारी गुरुबाई झांज धरून बसली होती. "घे प्रभू, ही मूठ माझी," पाळक गात, आणि अख्खं चर्च ती ओळ उचलून धरी. मूठ म्हणजे खरीच मूठ. वस्तीतली प्रत्येक ख्रिस्ती बाई स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी देवाच्या मडक्यात टाकते. सणाला सगळी मडकी एका पोत्यात रिती होतात, पोतं गिरणीत जातं आणि गाव जेवतं. मागच्या अंगणात तीन चुलींवर त्याच पिठाच्या भाकरी चालल्या होत्या.

यंदा वरच्या गल्लीतली गंगव्वा आली होती, चार बायकांना घेऊन. लिंगायत घरातल्या बायका इथं पहिल्यांदाच पंगतीला बसणार, म्हणून गुरुबाईनं आठ दिवस घोर केला होता. त्यांना मांस चालत नाही, म्हणून भाजी अंबाडीची ठरवली, पातेलीसुद्धा नवी आणवली.

तेवढ्यात तिची सून सुवार्ता वाकत वाकत आली आणि कानाशी लागली.

"आत्या, निळ्या डब्यातली ज्वारी कामून कमी झाली?"

"मडक्यात घातली. का गं?"

"ती पेरणीची व्हती, आत्या. परवाच औषध चोळून ठेवल्याली. लाल दिसली न्हाई तुमाला?"

"पहाटं लाईट कुठं व्हती?"

झांज हातात तशीच राहिली. नातीच्या आजारपणात महिनाभर मूठ टाकायची राहून गेली होती. अर्धं मडकं घेऊन देवाच्या दारात कसं जायचं, म्हणून तिनं ते अंधारात चाचपडत भरलं होतं. चांगली दोन शेर ज्वारी. अंधारातच पोत्यात गेली, मग गिरणीत गेली, आता तव्यावर होती.

पोतंभर पिठात दोन शेर. तेवढ्यानं काय होतंय, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं पहिल्या रांगेत बसलेली लेकरं बघितली. पलीकडं गंगव्वा, पदर सावरून, ओळ पाठ नसली तरी ओठ हलवत होती. उठून सांगावं तर ही बाई पुन्हा पायरी चढणार नाही. न सांगावं तर?

मागून चुलीवरची नागम्मा भाकरींची दुरडी घेऊन आत येऊ लागली. "चला गं बाया, कीर्तनानं पोट भरत न्हाई!"

"ठेव खाली!" गुरुबाई उभी राहिली. झांज घरंगळत पेटीला जाऊन धडकली. "कुणी खाऊ नका. त्यात औषधाची ज्वारी हाय. मी घातली. मडकं अर्धं व्हतं माझं, लाज वाटली, म्हणून घातली."

पेटी थांबली.

"म्हातारे, गाव झोपवायला निघालीस व्हय?" मागच्या रांगेतला अण्णाराव ओरडला.

गंगव्वाच्या शेजारची बाई फटकन म्हणाली, "मी म्हणत व्हते न्हाई, जाऊ नको म्हणून!"

गंगव्वा उठली. कुणाकडं न बघता दारातून निघून गेली आणि चारही जणी तिच्या मागं. गुरुबाईला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

भाकरी आणि उरलेलं पीठ खड्ड्यात पुरलं. परात, तवे, सगळं घासून काढलं. लेकरं भुकेनं रडायला लागली. गुरुबाई भिंतीशी टेकून बसली होती.

अर्ध्या तासानं दारात पैंजण वाजले. गंगव्वा होती. कमरेवर पितळेचा डबा, पिठानं गच्च भरलेला. मागं चारही बायका, कुणाच्या ओटीत, कुणाच्या टोपल्यात, आपापल्या घरचं पीठ. ती फटकन बोलणारी तर सगळ्यात मोठी टोपली घेऊन आली होती.

गंगव्वानं डबा गुरुबाईच्या पुढ्यात ठेवला.

"चल, मळायला बस."

"मी नको गं अक्का," गुरुबाई मागं सरली. "आज माझ्या हातचं कोण खाईल?"

"मी खाईन की," गंगव्वा परात ओढत म्हणाली. "उठ, चूल विझायलीय."

तर आयाबायांनो, ताटावर बसून प्रार्थनेला डोळे मिटाल तेव्हा सगळ्यांची नावं घ्या, आणि त्यात वरच्या गल्लीतल्या गंगव्वाचंही घ्या.