सहा शर्टांची गाणी

गाणं संपलं तसं मुलीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. "कसं झालंय, बाबा?"

"छान," वायरमन म्हणाला. पाहुण्याच्या घरचा पाणचट चहा संपवून माणूस म्हणतो, तसा.

रेकॉर्डिंगवालीला ते कळलं नाही. तिने खुशीत खुर्ची फिरवली. "आठ दिवस लागले, काका. मागे सारखी खडखड होती. शोधून शोधून काढली. आता एक कण शिल्लक नाही."

खोलीच्या भिंतींना जाड फोम लावला होता. बोलणं संपलं की लगेच सगळं शांत व्हायचं. असल्या खोलीत वायरमनने आजवर फक्त वायरी ओढल्या होत्या. त्याची बारा गाणी सव्वीस वर्षांपूर्वी घरीच झाली होती, एका साध्या कॅसेट रेकॉर्डरवर. चाळीस कॅसेट काढल्या, ओळखीत वाटल्या, विषय संपला. मग कधीतरी कुणी ती गाणी इंटरनेटवर टाकली आणि विशीतली पोरं ती ऐकायला लागली. एकाने लिहिलं होतं, हे ऐकताना कुणाच्या तरी घरात बसल्यासारखं वाटतं. आता एक छोटी कंपनी त्यांची तबकडी काढणार होती. उद्या सगळं छापायला जायचं होतं.

"एक विचारू?" रेकॉर्डिंगवाली म्हणाली. "दुसऱ्या कडव्यात तुम्ही मध्येच थांबलात. चार सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरू. टेप खराब असेल म्हणून बघितलं, तर टेप चांगली आहे. ती फट जोडून टाकू का?"

"नको."

"पण थांबलात कशाला?"

"बॉबिन संपली होती."

रेकॉर्डिंगवाली त्याच्याकडे बघत राहिली. मग वायरमनला सांगावंच लागलं.

"आमचं घर दीड खोलीचं. शाळा उघडायच्या आधी हिच्या आईपुढे शिलाईची पायमशीन आणि गणवेशांचा हा ढीग. मी म्हटलं, दहा मिनिटं मशीन थांबव, रेकॉर्ड करतोय. तर म्हणाली, तुमचं गाणं राहिलं तर कुणाचं पोर उघडं शाळेत जाणार नाही."

"मग?"

"मग काय. मशीन थांबेना, म्हणून मीच मशीनबरोबर निघालो. ती सुटली की आपणही सुटायचं. खांद्याशी गोलाई आली, ती हळू झाली, की आपणही हळू. एका बाहीला एक गाणं. बारा गाणी, सहा शर्ट."

रेकॉर्डिंगवालीने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे मी आठ दिवस बसून तुमचा ड्रमवाला हाकलला." आणि तिला जे हसू फुटलं, ते थांबेना. वायरमनही हसला.

मुलगी मात्र हसली नाही. "तिचा काही दोष नाही, बाबा. मीच काढायला सांगितलं होतं. आई शेवटी शेवटी म्हणायची, माझ्या खडखडीने यांची गाणी बिघडवली. मला वाटलं, छापायच्या आधी एकदा नीट करावं. तिच्यासाठी."

वायरमनने हातातली टोपी मांडीवर ठेवली, सरळ केली.

"मला नाही कधी म्हणाली. म्हणाली असती तर सांगितलं असतं. अगं, मला ताल होता कधी? लग्नाआधी मी गिटार वाजवायला बसलो की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. ती आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, आज बरं वाजवलंत."

आता मुलीलाही हसू आलं. डोळे पुसता पुसताच आलं.

"जुनी आहे ना? खडखड काढण्याआधीची?" तिने विचारलं.

"आहे की. मूळ कुणी टाकून देतं का?" रेकॉर्डिंगवालीने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर आली, लांब कुठेतरी नळ चालू राहिल्यासारखी. मग मशीनने धाव घेतली. आणि तिच्यामागून, चपला पायात सरकवत माणूस पळतो तशी धडपडत गिटार आली.

वायरमनने डोळे मिटले. त्याचे पाय हलायला लागले. लोक गाण्यावर एका पायाने ठेका धरतात, तसे नव्हे. दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, एक जरा पुढे, एक जरा मागे, टाच खाली गेली की चवडा वर. मुलीने ते पाय पाहिले. असे चालणारे पाय तिने आजवर एकाच माणसाचे पाहिले होते.

दुसऱ्या कडव्यात पाय थांबले. गिटारही थांबली. लाकडी खण ओढल्याचा आवाज, काहीतरी पत्र्याचं खुट्ट करून बसलं, खण बंद. पाय पुन्हा निघाले, गाणंही निघालं. रेकॉर्डिंगवालीने बोटावर मोजलं. बरोबर चार सेकंद.

"उद्या हीच पाठवायची," मुलगी हळूच म्हणाली.

वायरमनने डोळे न उघडताच बोट वर केलं. थांब म्हणून. शेवटची ओळ झाली. मशीन हळू झाली, अजून हळू, आणि कात्री वाजली.

"ही बाही झाली," तो म्हणाला. पाय होते तिथेच, तयार. "दुसरी लाव."