महापौरांचा उपास

“हेच! असलेच किडे दिलेत तुम्ही मला!” वुब्बिनाबाईंनी रातकिड्यांच्या उघड्या डब्यावर बोट नाचवलं, आणि बोटातली अंगठी घसरून थेट डब्यात पडली. आत दोनेकशे रातकिडे होते. एकच धावपळ उडाली.

पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा मालक सिक्को याने डब्यात हात घातला, अंगठी काढली, शर्टाला पुसली आणि बाईंना परत दिली. बाईंनी ती बोटात चढवून मूठ मिटून घेतली. चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल वरखाली करताना त्यांनी बोटीवरच्या भल्याभल्या कप्तानांना झापलं होतं. हा वेंधळेपणा त्यांना शोभत नव्हता.

“माझं राहू द्या. याच्याकडे बघा,” म्हणत त्यांनी कोटाच्या आतून लोकरी टोपीत गुंडाळलेला एक डबा काढला.

डब्यात महापौर होते. म्हणजे पाल, पिवळी, ठिपक्याठिपक्यांची, सतरा वर्षांची पाळीव गेको. नाव बाईंच्या नवऱ्याने, हार्मने ठेवलेलं. दिवसभर बसून राहायचं, सगळ्यांकडे बघायचं आणि करायचं काही नाही, म्हणून महापौर. हार्म सप्टेंबरमध्ये गेला. जाताना एवढंच म्हणाला, महापौरांना सांभाळ. आता डिसेंबर लागला होता आणि महापौर तीन आठवडे अन्नाला शिवले नव्हते.

“हाही गेला तर घरात मी बोलू कुणाशी?” बाई म्हणाल्या. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगेनची माणसं असलं काही दुकानात बोलत नाहीत. बाईंच्या तोंडून ते निघून गेलं.

सिक्कोने महापौरांना काट्यावर ठेवलं. सत्तर ग्रॅम. शेपूट बोटाने हलकेच चाचपलं. मग क्षणभर तो बाईंकडे बघत राहिला.

“खायला काय घालता?”

“तुमचेच रातकिडे.”

“ते कळलं. रातकिड्यांना काय घालता?”

“पावाचा चुरा. माझ्या ताटलीत उरतो तो.”

“नुसता पाव?”

“एकट्या बाईसाठी कोण शिजवत बसणार?”

“तरीच,” सिक्को म्हणाला. “रातकिड्याच्या पोटात जे जातं तेच महापौरांच्या पोटात जातं. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल, बाई.”

मग तो किडे निवडायला बसला. बाईंना सहसा कुणाचं कौतुक करवत नसे, पण किडे निवडावेत ते सिक्कोनेच. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उचलायचा, एकदाच झटकायचा. मागचे दोन्ही पाय शाबूत हवेत, मिशा लांब हव्यात. मोठा किती? गेकोच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढाच. सुस्त किड्याकडे तो ढुंकूनही बघत नसे. बारा निवडले, बाराच्या बारा टणाटण उड्या मारत होते. पुलावर असताना माणसाला कामात असं बुडालेलं बघितलं की बाई त्याला आधी वाट देत. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

“आता बाजारात जा,” सिक्को म्हणाला. “केलच्या पालेभाजीची अख्खी जुडी घ्या. चिरून पिशवीत भरलेली नको. किलोभर गाजरं, बटाटे. किड्यांना रोज एक ताजं पान आणि गाजराची एक चकती.”

“बारा किड्यांना किलोभर गाजरं?”

“महापौर जगायला हवेत ना?”

बाई गेल्या. बारा किड्यांनी एक पान खाल्लं, एक चकती खाल्ली. बाकीचा ढीग ओट्यावर पडून राहिला. अन्न टाकायचा विचार त्यांच्या मनाला शिवणं शक्यच नव्हतं. आईने उरलेल्या बटाट्याची सालंसुद्धा सुपात घातली होती. चरफडत त्यांनी पातेलं काढलं, बटाटे उकडले, त्यात केल कुस्करली. “किड्यांचं उष्टं खायची वेळ आली,” त्या महापौरांना म्हणाल्या. महापौर बघत बसले.

पुढच्या शनिवारी सिक्कोने उरलेले किडे परत घेतले आणि नवे निवडून दिले. वजन सत्तर. “या आठवड्यात त्यांना भोपळा द्या. अख्खा आणा.” मग लीकच्या जाड कांदापातीची जुडी, मग बीट. किड्यांनाही पालट हवा म्हणे. महापौर खात नव्हतेच, आणि बाई हट्टाला पेटल्या होत्या. दर शनिवारी बाजार, दर संध्याकाळी सहाला पातेलं. भोपळ्याचं सूप उरलं की दुसऱ्या दिवशी. जानेवारीत तर त्यांनी सॉसेजही आणलं. केलबरोबर सॉसेज नसेल तर ते कसलं जेवण?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात महापौर उठले, दोन पावलं चालले आणि एका झेपेत रातकिडा गट्ट केला. लगोलग दुसराही. बाईंना रडू आलं. डोळे पुसून त्या तशाच सायकल हाणत दुकानात गेल्या.

आत गणवेशातला एक पोस्टमन उभा होता. त्याचा गेको काट्यावर होता.

“महिना झाला, काही खात नाही,” तो काकुळतीने म्हणाला.

सिक्कोने शेपूट चाचपलं. “शेपूट चांगलं गुबगुबीत आहे, वजन टिकून आहे. हिवाळ्यात उपास धरतात हे. ऊन वाढलं की आपोआप खाईल. घरी जा.”

पोस्टमन गेला. बाई दारातून पुढे आल्या.

“माझ्या महापौरांनाही काही झालं नव्हतं?”

“नाही.”

“तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?”

“हो.”

“मग ती केल? तो भोपळा? किलो किलो गाजरं?”

सिक्कोचे कान लाल झाले. त्याने ट्रे उगाच इकडचा तिकडे केला.

“मी तुम्हालाच जेवा म्हटलं असतं, तर जेवला असतात?”

त्याला चांगलं झापायला बाईंनी तोंड उघडलं आणि सवयीने अंगठी बोटावर फिरवायला गेल्या. अंगठी जागची हलेना.