हिरोईनच्या जागी

आमच्या खाडीवर सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा शहरातल्या हिरोईनला चिखलात चालताच येईना. मग शेवटच्या सीनला तिचाच ड्रेस घालून प्रणिताला पाठमोरी चालवली. प्रणिता म्हणजे दहावीनंतर शाळा सुटलेली, आई सरूबरोबर मिठागरावर जाणारी पोर.

सिनेमा लागला तसा अख्खा गाव पेणला गेला. शेवटी पडद्यावर सिनेमातली मुलगी, म्हणजे पाठमोरी प्रणिताच, पाठीला दप्तर लावून, चिखल तुडवत, कॉलेजसाठी गाव सोडून निघाली. टाळ्या पडल्या. सरू मात्र पदराने डोळे पुसत होती.

"अगो, रडतेस काय?" शेजारीण म्हणाली. "तुझी पोर कुठं नाय गेली. मीठ ओढून दमलीय, ही काय बाजूलाच झोपलीय."

"व्हय," सरू म्हणाली, "म्हणूनच रडतेय गो."