दोन दांडे

विमान धावपट्टीला अलगद टेकलं आणि तिने शेजारी बसलेल्या सरांच्या हातांकडे तिरक्या नजरेने पाहिलं. शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा, विमान चालवायचे दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले; एक हलला की दुसरा हलणारच. मग हलवतं कोण?

“खरं सांगा सर, आताही तुम्हीच उतरवलंत ना?”

“माझे हात मांडीवर होते.”

“आणि पाय?”

“बुटात.”

“दर वेळी असंच काहीतरी बोलून वेळ मारून नेता. मला एकटीला हे जमणार नाही, तुम्हालाही ठाऊक आहे.”

धावपट्टीबाहेर येताच सरांनी तिला थांबायला सांगितलं. इंजिन चालूच होतं. ते खाली उतरले आणि रिकाम्या सीटचा पट्टा त्यांनी घट्ट बांधून ठेवला.

“सर, कुठे निघालात?”

“एक चक्कर मारून ये,” दार लावत ते म्हणाले. “आणि या वेळी कोणी उतरवलं, ते मला सांग.”